चौदा नंबरचा पडदा

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कुणी "मग कारण काय निघालं?" असं विचारायला नको.

कारण काही निघालं नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती मार्जरी ऑर्मरॉड आजही आमच्याच रस्त्यावर राहते. मी कोपऱ्यावरच्या मासे-चिप्सच्या दुकानात उभी असते. गावातली प्रत्येक बातमी माझ्या काउंटरवर येते आणि मीठ-व्हिनेगर लावून पुढे जाते. त्यामुळे खरी कुठली आणि फुगवलेली कुठली, एवढं मला कळतं.

ही फुगवलेली नाही. मार्जरी तशी बाईच नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेली ती. भूत दारात आलं तरी आधी त्याला पायपुसण्यावर पाय पुसायला लावेल.

साल १९८३. जुलै महिना. वेक्सचा आठवडा. गाव स्कारक्लफ, कापडगिरणीकडे चढत जाणारा आमचा रस्ता.

भुतं रात्री येतात म्हणतात...

हे सगळं भर दिवसा झालं.

वेक्स ही गिरणीची वर्षातली एकमेव मोठी सुट्टी. पूर्वी त्या आठवड्यात बॉयलर थंड व्हायचा, चिमणीचा धूर थांबायचा आणि अख्खं गाव उठून ब्लॅकपूलला समुद्रावर जायचं. पुढे गिरणी बंद पडली. मागांच्या जागी गालिच्यांचं गोदाम आलं, तेही अर्धं रिकामं. पण सुट्टी काही बंद पडली नाही. काम नाही, धंदा नाही, तरी वेक्सला ब्लॅकपूल हवंच! तिथेही तेच शेजारी आणि तीच तोंडं, फक्त पाठीमागे समुद्र.

त्या शनिवारी सकाळी बस भरली. मीही होते तिच्यात.

मार्जरी मात्र मागे राहिली. तिची आई ॲनिस अंथरुणाला खिळली नव्हती इतकंच. वय ऐंशीच्या घरात, छाती भरलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. हातभर अंतरावरचं दिसायचं, रस्त्यापलीकडचं नाही. आणि कान तर पन्नास वर्षांपूर्वीच गिरणीने खाल्ले होते.

गिरणीच्या शेडमध्ये शेकडो माग एकदम धडधडायचे. तिथे ओरडून उपयोग नसे. म्हणून बायका ओठांनी बोलायच्या. आवाज नाही, नुसतं तोंड मोठं करून हलवायचं. मागांमधल्या या बोळातून त्या बोळात, पार शेडच्या टोकापर्यंत गप्पा चालायच्या. घरी आल्यावरही सवय सुटायची नाही. रस्त्याच्या या खिडकीतून त्या खिडकीत, काचा बंद ठेवून, सासवांच्या उखाळ्यापाखाळ्या निघायच्या.

मार्जरीला ती बोली येत नव्हती. आईने शिकवलीच नाही.

"तुला देवाने कान दिलेत ना? मग ते वापर," असं म्हणून ॲनिस विषय संपवायची.

या ॲनिसच्या दोन खोडी अख्ख्या रस्त्याला माहीत होत्या. एक म्हणजे तिच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. आमच्याकडे पडदा नसलेली खिडकी म्हणजे परकर न घालता बाजारात जाण्यासारखं. पण मार्जरीने कितीदा आणून दिला तरी ॲनिसने तो लावू दिला नाही.

दुसरी खोड म्हणजे ती त्या खिडकीकडे कायम पाठ करून बसायची.

"तिला वारा लागतो," असं मार्जरी लोकांना सांगायची. तिलाही तसंच वाटायचं.

बस गेली आणि रस्ता एकदम रिकामा झाला. ना रेडिओ, ना कुणाचं दार, ना कुत्रं. मार्जरी म्हणते, त्या दिवशी घड्याळाचीसुद्धा टिकटिक मोठी वाटत होती. मागे उरलेल्या इन मिन तीन. या दोघी आणि खालच्या टोकाला ॲडा. ॲडाही जुनी विणकरीण. पाय सुजलेले म्हणून राहिली, नाहीतर तिने बस हाकली असती.

रविवारी सकाळी मार्जरी दूध घ्यायला दारात आली.

समोर चौदा नंबर. ते घर वसंत ऋतूपासून रिकामं होतं. एजंटची पाटी लटकलेली, खिडक्या उघड्यावाघड्या, पडद्यांच्या दांड्यासुद्धा काढून नेलेल्या.

त्या घराची पायरी...

ओली होती.

नुसती ओली नव्हती. घासूनपुसून स्वच्छ केलेली, आणि कडेला पिवळ्या दगडाने रेघ ओढलेली. जुन्या काळच्या बायका दर सकाळी ओढायच्या तशी. आता ती रेघ कुणीच ओढत नाही. तो दगडसुद्धा दुकानात मिळत नाही.

मार्जरीला वाटलं, ॲडाने चेष्टा केली असेल. मग तिला ॲडाचे पाय आठवले.

तिने आईला काही सांगितलं नाही. पण दुपारी सूप पिता पिता ॲनिसने चमचा खाली ठेवला.

"पायरी घासली का तिने?"

"कुणी, आई?"

ॲनिस पुन्हा सूप प्यायला लागली.

सोमवारी त्याहून विचित्र झालं. दोघी चहा घेत होत्या. ॲनिसने बूट काढले आणि दोन्ही तळवे फरशीला टेकवले. बहिऱ्या विणकरणी असंच करतात. कानाला येत नाही ते पायांना येतं.

"माग चालू झाले," ती म्हणाली.

"आई, गिरणी बंद आहे. कधीची."

"हात ठेव टेबलावर."

मार्जरीने ठेवला.

टेबल थरथरत होतं. अगदी बारीक, एकसारखं. कपातल्या चहावर गोल गोल वळ्या उठत होत्या... आवाज मात्र कसलाच नव्हता. बाहेर रस्ता मोकळा. वर गोदामाला कुलूप.

मग एकदम सगळं थांबलं. चहा स्थिर झाला.

"जेवणाची सुट्टी झाली," ॲनिस म्हणाली. "आता ती खिडकीत येईल."

मार्जरीने आईच्या डोक्यावरून समोर पाहिलं.

चौदा नंबरच्या खिडकीत कुणी नव्हतं. नुसती काच, काचेत आमच्या बाजूच्या छपरांचं प्रतिबिंब.

"कुणी नाही गं, आई."

"नीट बघ."

"बघितलं. कुणी नाही."

ॲनिसची मान ताठ झाली होती. कुणीतरी मागून एकटक बघतंय हे माणसाच्या पाठीला कळतं ना, तशी.

मंगळवारी मार्जरी स्वतःहून बघायला लागली. घरातलं काम करता करता तिचं लक्ष सारखं समोर जात होतं. जेवणाच्या वेळेला तिला ते दिसलं.

काचेवर वाफ धरली होती. आतल्या बाजूने, तोंडाच्या उंचीवर, बशीएवढा गोल.

तो गोल मोठा व्हायचा... लहान व्हायचा...

पुन्हा मोठा व्हायचा.

मार्जरीने ॲप्रन फेकला आणि ती तडक ॲडाकडे गेली.

"ॲडाआंटी, चौदा नंबरमध्ये कोण राहायचं?"

ॲडा खुर्चीत पाय वर करून बसली होती. "ते पोलिश जोडपं. त्याआधी तो कुत्रीवाला."

"त्याच्याही आधी. आईच्या तरुणपणी."

ॲडाचं तोंड उतरलं.

"दार लाव, पोरी. आणि चहा टाक, मला उठवत नाही. ॲनिसने सांगितलं नाही ना तुला? नाहीच सांगणार. आम्ही कुणीच कुणाला सांगितलं नाही. लेटी राहायची तिथे. तुझी मावशी."

आईला एक बहीण होती आणि ती लवकर गेली, एवढंच मार्जरीला माहीत होतं. ती समोरच राहायची हे तिला आज कळत होतं.

"मालकांनी तेव्हा फर्मान काढलं," ॲडा सांगू लागली. "एकेका बाईने चारऐवजी सहा माग चालवायचे. म्हणजे तीन बायकांतली एक घरी. गाव संपावर गेलं. गिरणीची चिमणी थंड, घरातली चूल थंड. पाव आणि चरबी खाऊन दिवस काढले आम्ही. आणि एका सकाळी आमची लेटी गिरणीच्या फाटकातून आत गेली. एकटी. सहा मागांवर."

"का पण?"

"नवऱ्यासाठी. वॉल्टरच्या छातीत कापसाची धूळ बसली होती. औषध कुठून आणायचं? आज कळतं गं हे. तेव्हा कळून घ्यायचं नव्हतं."

"मग गावाने मारलं तिला?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं. गावाने तोंड फिरवलं." ॲडाने कप खाली ठेवला. "आम्ही बहिरी माणसं, पोरी. आमचं ऐकणं म्हणजे बघणं. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस तर मी बोलले काय नि मेले काय, सारखंच. लेटी बोलायला लागली की सगळ्यांची पाठ. आणि गंमत ऐक. महिन्याभरात संप मोडला आणि आम्ही सगळ्याच मुकाट आत गेलो. सहा मागांवर! जे पाप तिने केलं तेच आम्ही केलं. तरी पाठ ती पाठच. ती सकाळी पायरी घासायची, कुणीतरी राख टाकायचं. मीही टाकली. अशी बघू नकोस. टाकली मी."

"आणि आई?"

ॲडाने सुजलेले पाय सावरून घेतले.

"तुझ्या आईचे माग लेटीच्या समोर. मध्ये फक्त बोळ. दिवसभर लेटीचं तोंड हलत असायचं आणि ॲनिस पाठ करून धोट्यात सूत भरायची. मग लेटीला न्यूमोनिया झाला. कामावर येईना, तर ती खिडकीत उभी राहायला लागली. अंगाला शाल, काचेला तोंड... बोलतेय, बोलतेय. तुझी आई जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन पुढच्या खोलीत शिरली की समोर ती. शेवटी एके दिवशी भर दुपारी ॲनिसने पडदा ओढला."



आमच्या गावात दिवसा पडदा ओढतात तो एकाच गोष्टीसाठी. घरात कुणी गेलं की आधी त्या घराचा पडदा बंद होतो, मग शेजारचा, मग समोरचा. प्रेत निघेपर्यंत अख्खा रस्ता डोळे मिटून उभा राहतो. वैर असलं तरी माणूस पडदा ओढतो. तेवढा मान सगळ्यांनाच.

"मी आणि माझी आई साबण, टॉवेल आणि पांढरे मोजे घेऊन धावलो," ॲडा म्हणाली. "प्रेत आवरायला. शेजारीण मटण-बटाट्याच्या हॉटपॉटचं भांडं घेऊन आली. दार उघडलं तर ॲनिस स्वतः समोर, धडधाकट. माझी आई म्हणाली, 'कोण गेलं गं?' तेव्हा कुठे तुझ्या आईला कळलं आपण काय करून बसलो ते. धावत जाऊन तिने पडदा उघडला. पण लेटीने बघितलं होतं ना! सख्ख्या बहिणीने आपल्या जिवंतपणी आपल्या नावाचा पडदा ओढला, हे बघितलं होतं तिने."

"मग?"

"मग ती खिडकीत आली नाही. त्याच आठवड्यात गेली. प्रेत निघालं तेव्हा रस्त्यावर एका घराने पडदा ओढला नाही. संपफोडीला कसला पडदा? ॲनिसचाही उघडाच. लोक काय म्हणतील म्हणून की दुसरं काही, ते तिला ठाऊक. पण त्या संध्याकाळी तिने पडदा काढला आणि शेगडीत घातला. तेव्हापासून तुमची खिडकी तशीच आहे."

मार्जरी घरी आली तेव्हा आई तशीच बसली होती. खिडकीकडे पाठ करून.

तिला आईचा राग आला. आणि रागापेक्षा जास्त कीव आली. पन्नास वर्षं या बाईने पाठ केली होती, आणि पन्नास वर्षं ती पाठ भाजत होती.

बुधवारी दुपारी पुन्हा टेबल थरथरलं. पुन्हा चहावर वळ्या उठल्या. मग थांबल्या.

ॲनिस म्हणाली, "मार्जरी, इकडे ये. माझ्यासमोर उभी राहा."

मार्जरी उभी राहिली. समोर आई, आईच्या डोक्यावरून खिडकी, आणि खिडकीपलीकडे चौदा नंबर.

"ॲडाने सांगितलं ना तुला सगळं?"

मार्जरीने मान हलवली.

"मी आता जाणार. रडू नकोस, मला माहीत आहे. पण ती काय म्हणत होती ते न ऐकता मला जायचं नाही. मला वाटायचं, शिव्याशाप देत असेल. म्हणून नाही बघितलं. आता बघावंसं वाटतं तर डोळे गेले. तू बघ. तिचं तोंड जसं हलेल तसं तुझं हलव. तुला कळायची गरज नाही. मी तुझ्या तोंडावरून वाचीन."

ॲनिसने दोन्ही हातांनी मुलीचा चेहरा आपल्या चेहऱ्याजवळ ओढला.

मार्जरीने डोळे वर केले.

आणि तिला ती दिसली.

तरुण बाई. खांद्यावर करडी शाल. हनुवटी थेट आईसारखी. डोळे खोल गेलेले. रागाचं नावही नव्हतं त्या चेहऱ्यावर. नुसती वाट बघून दमलेली.

तिचं तोंड हलत होतं.

मार्जरी सांगते, "मला भीती वाटायला हवी होती. पण मला एवढंच वाटलं, हिला किती थंडी वाजत असेल."

समोर ओठ ताणले गेले, मार्जरीने ताणले. ओठ गोल झाले, तिने गोल केले. जबडा खाली, जीभ दातांना... मग पुन्हा पहिल्यापासून. तेच. पुन्हा तेच.

आईचे अंगठे मार्जरीच्या ओठांच्या कोपऱ्यांवर होते. आधी ते ओठांबरोबर सरकत होते. मग थांबले. मग ॲनिसच्या तोंडून असा काही आवाज निघाला की तो मार्जरीने आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"काय म्हणतेय ती, आई? काय म्हणतेय?"

"काही नाही गं." ॲनिसच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "शिवी नाही. गाऱ्हाणं नाही. वॉल्टरचं नाही, गिरणीचं नाही... नुसतं, 'ॲनिस, इकडे बघ गं.' तेवढंच. सगळा वेळ तेवढंच म्हणत होती ती."

तिने हाताच्या पाठीने गाल पुसले.

"खुर्ची फिरव," ॲनिस म्हणाली.

मार्जरीने खुर्ची फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ॲनिस खिडकीसमोर तोंड करून बसली. तिला समोरचं काही दिसत नव्हतं. नुसता पांढुरका उजेड. पण तिने मान वर केली आणि तोंड मोठं करून, आवाज न काढता, ती बोलली. मग मार्जरीला कळावं म्हणून तेच आवाजात म्हणाली.

"बघतेय गं, लेटी. डोळे नाहीत, पण तोंड तुझ्याकडेच आहे."

समोर लेटी स्तब्ध झाली.

मग तिचं तोंड पुन्हा हललं. या वेळी वेगळं. काहीतरी छोटं, सावकाश.

मार्जरीने नकळत तसंच केलं. अगदी तसंच.

पण आई आता तिच्याकडे बघत नव्हती. आई खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून रडत होती.

मार्जरीने तिचा खांदा हलवला. पुन्हा समोर पाहिलं.

चौदा नंबरच्या काचेत छपरांचं प्रतिबिंब होतं. बाकी काही नव्हतं.

"आणखी काही बोलली का ती?" ॲनिसने तिच्याकडे वळून विचारलं.

आणि मार्जरी म्हणाली, "नाही."

का म्हणाली, ते तिला आजही सांगता येत नाही. आईचा जीव आता कुठे शांत झाला होता, पुन्हा कशाला ढवळा, असं वाटलं असेल. मी तिला म्हणते, मीही तेच केलं असतं. तिला ते पटत नाही.

त्यानंतर ॲनिसने खुर्ची फिरवू दिली नाही. जेवण तिथेच, झोप तिथेच. शुक्रवारी सकाळी मार्जरी चहा घेऊन आली तेव्हा ती तशीच बसली होती, खिडकीकडे तोंड करून. हात थंड झाले होते.

मार्जरीने कप कठड्यावर ठेवला. थोडा वेळ ती आईजवळ खाली बसून राहिली. मग उठली. कारण आमच्याकडे पहिलं काम ठरलेलं असतं.

पडदा.

पण या घरात पडदाच नव्हता. तिने कपाटातून पलंगावरची चादर काढली, हातोडी आणि खिळे घेतले आणि ती स्टुलावर चढली. चादर ठोकता ठोकता तिला हुंदका आला. वरपासून खालपर्यंत सगळा रस्ता रिकामा. अख्खं गाव समुद्रावर. सगळे पडदे उघडे. लेटी गेली तेव्हा जसे होते तसेच. ॲनिस नेहमी म्हणायची, "माझ्यासाठी कुणी पडदा ओढायचा नाही. माझी तेवढी लायकी नाही." तिचंच खरं होणार होतं.

शेवटचा खिळा ठोकायला मार्जरीने मान वर केली.

समोर...

चौदा नंबरच्या खिडकीला पडदा होता.

जाड, हिरवा, जुन्या काळचा. दोन्ही बाजूंनी ओढून मधोमध नीट मिळवलेला. खालच्या खिडकीला आणि वरच्याही. जिथे काल दांडीसुद्धा नव्हती तिथे.

पायरी ओली होती. कडेला पिवळी रेघ.

हातोडी तिच्या हातातून पडली. ॲडा काठी टेकत टेकत वर आली तेव्हा तिला मार्जरी दारातच बसलेली सापडली. ॲडाने मार्जरीच्या खिडकीतली चादर बघितली. मग वळून समोरचा पडदा बघितला. तिने डोक्याचं फडकं काढलं आणि त्या पडद्याकडे तोंड करून उभी राहिली. मान खाली न घालता. किती तरी वेळ.

हे मी मार्जरीच्या तोंडचं सांगितलं. आता माझ्या डोळ्यांचं ऐका.

शनिवारी आमची बस परत आली. वाळू भरलेले बूट, उन्हाने सोललेली नाकं, सगळा गोंधळ. मी बसमधून उतरले आणि पाहिलं. मार्जरीकडे चादर, आणि समोर हिरवा पडदा. मी शेजारणीला म्हटलंसुद्धा, "चौदा नंबरला भाडेकरू आला वाटतं. माणूस समंजस दिसतोय, लगेच पडदा ओढला." मग बातमी कळली आणि एकेक करून सगळ्या रस्त्याने पडदे ओढले. माझाही ओढला.

सोमवारी प्रेत निघालं. गाडी कोपऱ्यावर वळली, लोक आपापल्या घरी पडदे उघडायला गेले, आणि मी सहज चौदा नंबरकडे पाहिलं.

उघडी काच. आत रिकामी खोली. पडदा नव्हता.

पुढच्या आठवड्यात एजंट आला. त्याला विचारलं तर तो हसला. "कसला भाडेकरू, बाई? किल्ली माझ्या खिशात आहे, वसंतापासून कुणी आत गेलेलं नाही."

इथे गोष्ट संपायला हवी होती. बहिणींचं मिटलं, मान मिळाला, झालं.

पण मार्जरीच्या तोंडात ती दुसरी ओळ राहून गेली होती.

ती तिला विसरता येईना. भांडी घासताना ओठ आपोआप तसे हलायचे. शेवटी ती ॲडाकडे गेली आणि म्हणाली, "आंटी, वाचून सांगा. लेटीमावशी शेवटी हे म्हणाली." आणि तिने ते तोंडाने करून दाखवलं.

ॲडाने नीट पाहिलं. तिचे डोळे भरले. मग तिने तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते तुझ्यासाठी नाही, पोरी. माझ्यासाठीही नाही. ज्याचं आहे त्याला नेऊन दे."

त्याच हिवाळ्यात ॲडाही गेली. आता गावात ती बोली वाचणारं कुणी उरलेलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी वेक्सच्या बुधवारी मार्जरी डोंगरावरच्या कब्रस्तानात जाते. आईच्या थडग्याच्या दगडासमोर गुडघ्यावर बसते. तोंड मोठं करून, आवाज न काढता, तिला न कळणारं ते वाक्य सावकाश म्हणते. मग उठते आणि घरी येते.

गेल्या वर्षी माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी ब्लॅकपूलला गेले नाही. तिच्यासोबत वर गेले. लांब उभी राहिले. परत येताना मला राहवलं नाही. मी विचारलं, "मार्जरी, इतकी वर्षं सांगतेस. आईने कधी काही उत्तर दिलं का गं?"

मार्जरी थांबली. माझ्याकडे वळली.

तिचं तोंड हललं. सावकाश, नीट... लेटीच्या त्या छोट्या ओळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

आवाज मात्र आला नाही.

मला एक अक्षर कळलं नाही. पण मी तिच्याकडे बघत राहिले. तोंड फिरवायचा धीर झाला नाही मला.